खाणीतला डावखुरा

गुणवंत शिरसाटने स्टुलावर चढून कपाटावरचा बुटांचा खोका खाली ओढला, बनियनच्या टोकाने त्यावरची धूळ पुसली आणि खोका पोटाशी धरून तो तसाच स्टुलावर उभा राहिला. स्वयंपाकघरात दर्शना सुरमईच्या तुकड्यांना आलं-लसूण चोळत होती. तिच्या बांगड्या वाजत होत्या. बांगड्या वाजायच्या थांबल्या की ती कान देऊन ऐकते आहे, एवढं शहाणपण संसाराने त्याला दिलं होतं.

बांगड्या थांबल्या.

"काढलात?"

"बघायचंय म्हणाला साहेब. दाखवायला काय जातं?"

"बघायला येत नाही तो." दर्शना मसाल्याच्या हातांनीच दारात आली. "इतकी वर्षं तुम्ही त्याच्या दारात जाताय. त्याची सासू विमानतळावरून तुम्ही आणलीत, त्याचा कुत्रा डॉक्टरकडे तुम्ही नेलात. मुग्धा टायफॉइडने पडली होती तेव्हा त्याने एक फोन केला का? केला ना. तुम्ही कामावर कधी येताय ते विचारायला. आणि आता म्हणे, शुक्रवारी तुझ्याकडे जेवायला येतो. दुबईत आपलं अल मनखूल कुठे आहे ते तरी ठाऊक होतं का त्याला?"

"हळू बोल. मुग्धा अभ्यास करतेय."

"करू दे. तिलाही कळू दे साहेब कसा जेवायला येतो ते."

गुणवंत स्टुलावरून उतरला आणि खोका घेऊन पलंगावर बसला.

खोका विल्कर्सन साहेबाचाच. म्हणजे एकेकाळचा. डग्लस विल्कर्सन टेक्सासचा माणूस, तेलविहिरींना पंप आणि व्हॉल्व्ह पुरवणाऱ्या कंपनीच्या दुबई ऑफिसचा मॅनेजर. गुणवंत त्याच ऑफिसातला पर्सोनेलचा क्लार्क, कुडाळचा बी.कॉम. गुणवंत हे नाव साहेबाच्या जिभेला झेपलं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी त्याने ते कापून ‘गस’ करून टाकलं. गुणवंतने चालवून घेतलं. इथे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत जमा करावा लागतो, तसं नावही जमा करायचं असतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. समजूत घालून घेण्यात आखाती माणसाचा हात कोणी धरू शकत नाही.

ब्याण्णवच्या नाताळात साहेबाने जुमेराहमध्ये मोठा व्हिला घेतला. जुन्या घरातलं सामान निघालं, तेव्हा त्याने हा खोका आणून गुणवंतच्या टेबलावर आदळला.

"गस, ही रद्दी. माझ्याकडे चांगली आहेत ती मी ठेवलीत. हवी तर घे, नाहीतर फेक."

ती बेसबॉल खेळणाऱ्यांची जुनी कार्डं होती. अमेरिकेत म्हणे ती च्युइंगगमच्या पुड्यातून फुकट मिळायची आणि आपल्याकडची पोरं काड्यापेटीचे छाप जमवत तशी तिथली पोरं ती जमवायची. गुणवंतने बेसबॉल बघितला नव्हता. क्रिकेटला दृष्ट लागून हा खेळ झाला असावा, एवढंच त्याचं मत होतं. पण छापील कागद फेकायचा कसा? त्याने खोका घरी आणला, आणि एका शुक्रवारी वेळ जाईना म्हणून एक कार्ड उलटून पाहिलं. तिथेच तो अडकला.

पुढून चेहरा, रंगीत टोपी, हसू. मागे बारीक अक्षरात माणूस. जन्म कुठला, उंची किती, वजन किती, उजवा की डावखुरा, कोणत्या वर्षी कोणत्या संघाने घेतला, किती सामने जिंकून दिले, किती हरला, कधी सोडला. गुणवंत ऑफिसात दिवसभर हेच टाइप करत असे. अमुक तारखेला रुजू, अमुक तारखेला व्हिसा कॅन्सल. अख्खा माणूस चार ओळींत बसवायचा. फरक एवढाच, की त्याने टाइप केलेल्या माणसांचे रंगीत फोटो कोणी च्युइंगगमबरोबर वाटत नव्हतं.

पुढे एक अमेरिकन इंजिनियर नोकरी सोडून जाताना बेसबॉलचा एक जाडजूड ज्ञानकोश ऑफिसात टाकून गेला. तोही गुणवंतने घरी आणला. कार्डावरची माणसं पुढे कुठे गेली ते तो त्यात शोधत बसे. कोणी वीस वर्षं खेळला, कोणी एकच उन्हाळा. कोणी युद्धावर गेला आणि परत आला तो लंगडत. दर्शना म्हणायची, "आले तुमचे गोरे!" आणि पंखा वाढवून झोपायची.

गोऱ्यांतला त्याचा लाडका स्टॅन्ली कोवालिक. पेनसिल्व्हेनियाचा डावखुरा, चेंडू फेकणारा. कार्डाच्या मागे एक ओळ होती: हिवाळ्यात वडिलांबरोबर कोळशाच्या खाणीत काम करतो. गुणवंतला ती ओळ इतकी आवडली होती की त्याने ती मुग्धाला वाचून दाखवली होती.

"सो?" मुग्धा म्हणाली होती.

"सो काही नाही. लक्षात ठेव."

गेल्या महिन्यापर्यंत हे असं घरातल्या घरात सुखाने चाललं होतं. मग ऑफिसात इंटरनेट आलं. साहेब दार बंद करून त्यावर जुन्या कार्डांचे लिलाव बघू लागला. एक दिवस केबिनमधून हाक आली.

"गस! तुला तो खोका दिला होता, त्यात कोवालिक होता का रे?"

वर्गात कधी नव्हे ते उत्तर येत असलेल्या पोरासारखा गुणवंतचा चेहरा उजळला.

"होता ना सर! आहे! लेफ्ट-हँडर. फादर कोल माइनर. फर्स्ट सीझन अकरा जिंकले, नऊ हरले. मग शोल्डर गेला."

"आहे? अजून?"

"प्लॅस्टिकमध्ये ठेवलाय, सर. एकदम नवा."

बोलून झाल्यावर त्याला साहेबाचा चेहरा दिसला आणि आपल्या जिभेने आपल्याच पायावर धोंडा पाडल्याचं त्याला कळलं. साहेब इतकं गोड त्याच्याकडे कधीच हसला नव्हता.

गोष्ट अशी होती. दुसऱ्या हंगामाच्या अर्ध्यावर कोवालिकचा खांदा निकामी झाला. संघाने त्याला काढून टाकलं. त्याच्या नव्या कार्डाची छपाई चालू होती. कार्डवाल्या कंपनीने मशीन थांबवलं आणि त्याच्या जागी दुसऱ्याचा चेहरा बसवला. थोडीच कार्डं बाहेर गेली, ती पोरांनी सायकलच्या चाकात अडकवून फाडली. जी उरली ती आता दुर्मीळ. म्हणजे माणूस कवडीमोल ठरला, म्हणून त्याचा कागद लाखमोलाचा झाला. खाणवाल्याच्या पोराला यातला छदाम मिळाला नाही, मिळणारही नव्हता. असला हिशेब ज्यांना सुचतो त्यांच्या हातात दुनिया आहे, मग दुनियेचं जे व्हायचं ते होतं.

त्या दिवशी गुणवंतने घरी येऊन दर्शनाला कार्डाची किंमत सांगितली. तिने डॉलरचे दिरहम केले, दिरहमचे रुपये करता करता मध्येच थांबली आणि पोळपाटावर हात टेकून म्हणाली, "मुग्धाचं इंजिनियरिंग."

"साहेबाने दिलेलं आहे ते."

"फेक म्हणून दिलेलं. फेकलेल्यावर मालकी कसली?"

बरोबर होतं. पण तेलाचा भाव पडला होता, कंपनीला माणसं कमी करायची होती आणि कोणाला ठेवायचं, कोणाला घरी पाठवायचं हे एकटा विल्कर्सन ठरवत होता. एसी मेकॅनिक रफिक गेला. त्याचं कॅन्सलेशन गुणवंतनेच टाइप केलं. रफिक त्याच्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला होता, "शिरसाटभाई, स्पेलिंग तो बराबर डालना, इतना तो करो." गुणवंतचा स्वतःचा करार संपत आला होता. नव्या कराराचा कागद टाइप होऊन साहेबाच्या टेबलावर पडला होता. सहीशिवाय.

"सर, तो माझा कागद?" त्याने सोमवारी विचारलं.

"हो, हो. शुक्रवारी तुझ्याकडे येतोच आहे ना? निवांत बोलू. तुझ्या बायकोच्या हातची फिश खायचीय. आणि आपल्या कोवालिकला भेटायचंय."

‘परत दे’ असं साहेब एकदाही म्हणाला नाही. मागतो तो भिकारी. साहेब मागत नसतो, तो नुसती आवड दाखवतो.

पलंगावर बसून गुणवंतने कोवालिक प्लॅस्टिकच्या पाकिटातून अर्धा बाहेर काढला. स्वच्छ, कोपरे धारदार, गालावर उन्हाची तिरीप.

"नाही देणार ना?" दर्शनाने विचारलं.

"नाही म्हटलं ना."

"माझ्याकडे बघून बोला."

"नाही देणार, दर्शना! किती वेळा सांगू?"

ती आत गेली. बांगड्या पुन्हा वाजू लागल्या. गुणवंतने शर्ट चढवला, ब्रीफकेसमधून ऑफिसचं पांढरं पाकीट काढलं, कार्ड त्यात सरकवलं आणि बाहेरच्या दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर जुन्या पेपरांची जी चळत होती तिच्याखाली ठेवून दिलं. जाताना लिफ्टपाशी साहेबाच्या हातात द्यायचं. गुपचूप. बायकोचा मान राहील, साहेबाची आवड राहील, नोकरी राहील. आपलं काय राहील, हे त्याने मनाला विचारू दिलं नाही.

"पार्किंगला जातो गं," तो ओरडला. "जुम्म्याच्या गाड्या लागल्या असतील."

खाली रस्ताभर गाड्या वेड्यावाकड्या उभ्या होत्या. मशिदीच्या भोंग्यातून खुतबा, म्हणजे जुम्म्याचं प्रवचन, चालू होता. गुणवंत एका मोकळ्या जागेत हात पसरून राखणदारासारखा उभा राहिला. दोघा-तिघांनी हॉर्न मारले, एका पठाणी टॅक्सीवाल्याने शिवी हासडली. तो हलला नाही. नोव्हेंबर संपत आला होता, ऊन काही कडक नव्हतं, तरी त्याची पाठ भिजली. साहेब उशिरा आला. पांढऱ्या लँड क्रूझरमधून उतरला तेव्हा त्याच्या एका हातात चॉकलेटचा डबा होता आणि काखेत एक पांढरी फाइल.

"तुझा कागदही आणलाय, गस," फाइलवर टिचकी मारून तो म्हणाला. "पेनसुद्धा आणलंय."

जेवण नीट पार पडलं. नको इतकं नीट. दर्शनाने मोरपंखी साडी नेसली होती. ती अदबीने वाढत होती. विल्कर्सनने तळलेली सुरमई दोनदा मागून घेतली, सोलकढीला ‘गुलाबी दूध’ म्हणून हात लावला नाही, मुग्धाला शाळेबद्दल विचारलं. मुग्धा फाडफाड इंग्रजीत बोलली.

"हुशार आहे पोरगी," साहेब म्हणाला. "पुढे काय करायचंय?"

"इंजिनियरिंग. इफ पप्पा हॅज द मनी."

"मुग्धा!" गुणवंत म्हणाला.

साहेब मोठ्याने हसला. दर्शना हसली नाही. गुणवंतच्या ताटात भाताचा ढीग तसाच होता. त्याचा सारा जीव दाराजवळच्या पेपरांच्या चळतीत अडकला होता.

साहेबाने पेपर नॅपकीनने बोटं पुसली, खुर्ची मागे सारली आणि फाइल टेबलावर ठेवली. तिच्यावर पेन ठेवलं.

"बरं. आपला मित्र कुठाय?"

गुणवंतला वाटलं होतं हे लिफ्टपाशी निघेल. बायकोच्या समोर साहेब विचारेल, हे त्याने धरलंच नव्हतं. तो उठला. दाखवायला तरी आणावंच लागणार होतं. दाराकडे गेला, बोटांनी चळत उचकली. खाली नुसतं लाकूड होतं. त्याने आणखी दोन पेपर उचलले. चपलांच्या मागे पाहिलं.

"अहो, तिथे नाही," मागून दर्शना म्हणाली.

ती देवाच्या खोलीतून, म्हणजे फ्रीजशेजारच्या त्या कोपऱ्यातून, तांब्याचं ताम्हन घेऊन येत होती. ताम्हनावर खणाचा कपडा झाकलेला. तिने ते साहेबासमोर ठेवलं आणि कपडा बाजूला केला.

तांदळाच्या आसनावर स्टॅन्ली कोवालिक निजला होता. प्लॅस्टिक नाही, काही नाही. कपाळावर हळदीचं बोट, त्याच्यावर कुंकवाचं चांगलं रुपयाएवढं ठसठशीत बोट, टोपीच्या कडेपासून भुवईपर्यंत. अक्षता चिकटलेल्या. गाभाऱ्यातल्या देवासारखा तो डावखुरा छताकडे बघून हसत होता.

"दिवाळी, सर," दर्शना म्हणाली. तिचं इंग्रजी मोडकं होतं, पण आज त्याला एकही भेग नव्हती. "लक्ष्मी पूजा. हाऊसमध्ये जे व्हॅल्युएबल थिंग, गोल्ड, पासबुक, ऑल वुई पुट. अँड धिस."

पूजेतल्या वस्तूला हळदकुंकू लागतंच. सोन्याला लागतं, वहीला लागतं, नव्या फ्रीजच्या दारालाही लागलं होतं. यात कोणाला काय वावगं दिसणार? अल मनखूलच्या कुठल्याही घरात जा, टीव्हीच्या कपाळावर बोट सापडेल. पण गुणवंतला माहीत होतं. सकाळी हे कार्ड त्याने स्वतः पाकिटात घातलं होतं. कोरं.

विल्कर्सनने ते उचललं. संग्राहकाच्या सवयीने, फक्त कडांना धरून, लेकरू उचलावं तसं. मग त्याचा अंगठा घसरला. त्याने अंगठा उलटा करून पाहिला. लाल.

"नो. नो, नो, नो."

त्याने नॅपकीन घेतला आणि कपाळावर टिपायला गेला. कुंकू फिसकटलं. तो आणखी घासू लागला. जुना कागद, त्याने रंग पिऊन घेतला. भुवया गेल्या, नाक गेलं, हसू तेवढं लालभडक राहिलं. एका कोपऱ्याचा पापुद्रा नॅपकीनबरोबर निघून आला. तेव्हा तो थांबला.

एसी घरघरत होता. खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न मारत होतं.

"हे ओलं आहे," विल्कर्सन म्हणाला. दर्शनाकडे बघत, अगदी शांतपणे. "तुमचा सण कधी होता? माझ्या ऑफिसात लाडू वाटले होते तुम्ही लोकांनी. त्याला तीन आठवडे तरी झाले. आणि हे ओलं कसं?"

दर्शनाने पदर खांद्यावर ओढून घेतला.

"बट मम्मी," मुग्धा म्हणाली, "इन दिवाळी यू डिडन्ट इव्हन..."

"मुग्धा, साहेबांना पाणी आण."

"बट..."

"पाणी आण म्हटलं ना!"

मुग्धा उठली. विल्कर्सनने मान वळवून गुणवंतकडे पाहिलं. गुणवंत अजून दाराशीच उभा होता, हातात जुना पेपर.

"गस. मी तुला विचारतो. इतकी वर्षं तू माझ्याशी खोटं बोललेला नाहीस. हे कधी लावलं?"

खरं होतं. इतकी वर्षं तो साहेबाशी खोटं बोलला नव्हता. बोलायची हिंमतच झाली नव्हती, आणि त्यालाच तो प्रामाणिकपणा समजत आला होता. टेबलावर फाइल होती. एक वाक्य बोललं की झालं: सर, माझी बायको अडाणी आहे, मी तिला सांगितलं होतं, माफ करा. साहेब माफ करेल. साहेबांना माफ करायला आवडतं. दर्शना त्याच्याकडे बघत नव्हती. ती ताम्हनातले विखुरलेले तांदूळ एका बोटाने गोळा करत होती.

गुणवंतने पेपर नीट घडी करून चळतीवर ठेवला. टेबलाशी येऊन तो उभा राहिला.

"आज सकाळी, सर. मी लावलं."

"तू?"

"दिवाळीला सुरुवात केली. मग दर शुक्रवारी. शुक्रवार लक्ष्मीचा वार असतो आमच्यात. आंघोळ करून लावतो."

"दर शुक्रवारी तू यावर रंग लावतोस?"

"यस सर. तुम्हीच सांगितलं ना, व्हॅल्युएबल आहे म्हणून. त्याच्याआधी आम्ही नुसतं ठेवत होतो."

माणसाला दुसऱ्याच्या देवाशी भांडता येत नाही, निदान त्याचं मीठ पोटात असताना. आणि भांडायचं तरी कशावरून? कार्ड मागितलं कुठे होतं? जे मागितलंच नाही ते मोडलं म्हणून ओरडायचं कसं? विल्कर्सनच्या मानेवर लाल चट्टे उठले. त्याने कार्ड ताम्हनात टाकलं. ठेवलं नाही, टाकलं.

"तुला कळतंय का तू काय केलंस? आता ही रद्दी आहे."

"रद्दीच दिली होती, सर," गुणवंत म्हणाला.

आवाज चढला नव्हता. उलट बसला होता. पण खोलीतल्या हवेला तो लागला. मुग्धा पाण्याचा ग्लास घेऊन दारात थबकली.

साहेब उठला. पेन खिशात घातलं, फाइल उचलून काखेत मारली. तिच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर त्याचा अंगठा उमटला. सही न येणाऱ्या माणसाने कागदावर उठवावा तसा, रेघन् रेघ दिसेलसा. त्याच्या ते लक्षात आलं नाही. लक्षात आणून द्यायला कोणी पुढे झालं नाही.

"तुझा कागद शनिवारी बघू," तो म्हणाला. "जेवण चांगलं होतं, मिसेस शिरसॅट."

"थँक यू, सर," दर्शना म्हणाली. "कम अगेन."

गुणवंत त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेला. ती सवय काही एका दिवसात जाणार नव्हती. लिफ्टचं दार बंद होताना विल्कर्सन रुमालाने अंगठा पुसत होता.

परत आला तेव्हा मुग्धा टेबलाशी बसून चॉकलेटचा डबा उघडत होती.

"यू लाइड, पप्पा," ती म्हणाली. रागाने नव्हे, नवल वाटून.

"हो."

"टू युअर बॉस."

"हो ना. चॉकलेट जेवणानंतर खा."

"आय हॅव ईटन." तिने दोन चॉकलेटं उचलली आणि ती आपल्या खोलीत गेली. दार लागलं.

दर्शनाने साहेबाचं ताट उचलून मोरीत ठेवलं होतं. आता तिने स्वतःचं ताट घेतलं आणि गुणवंतच्या समोर बसली. तिने भाताला हात लावला आणि काढून घेतला.

"शनिवारी काय होईल हो?"

"करेल सही. किंवा नाही करणार."

"आणि नाही केली तर?"

"माझं कॅन्सलेशन मलाच टाइप करावं लागेल. स्पेलिंग तरी बरोबर पडेल."

तिला हसू आलं. ते अर्ध्यावरच फुटलं आणि तिने डोळ्यांना पदर लावला. गुणवंतने काही विचारलं नाही. पाकीट कसं सापडलं, केव्हा सापडलं, मुग्धाच्या इंजिनियरिंगवर तिने आपल्याच बोटाने कुंकू कसं फासलं, आणि ते लावताना तिच्या मनात साहेब होता की नवरा होता. विचारलं असतं तर तिनेही एक प्रश्न विचारला असता. त्याने साहेबाची खुर्ची टेबलाखाली सारली आणि तो आपल्या गार भातापाशी बसला.

ताम्हन दोघांच्या मध्ये होतं. दर्शनाने मान तिरकी करून कार्डाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, नीट.

"काय नाव म्हणालात ह्याचं?"

"कोवालिक. स्टॅन्ली."

"काढल्यावर कुठे गेला हा?"

"ते नाही त्या पुस्तकात. खेळ संपला की पुढचं लिहीत नाहीत."

"घरी गेला असेल. खाणीत." तिने चिकटलेला एक तांदूळ नखाने अलगद काढला. "बायको होती का हो ह्याला?"

गुणवंतने आठवून पाहिलं. जन्म, उंची, वजन, डावा हात, जिंकलेले, हरलेले. सगळं पाठ होतं त्याचं.

"असेल," तो म्हणाला. "ते नाही छापत."

"हं," दर्शना म्हणाली. तिने सुरमईचा उरलेला मोठा तुकडा उचलला, त्याच्या पानात वाढला, आणि आमटी गरम करायला उठली.